सौद्याचा हात

अंगठा उठवायला म्हणून भगवंताने त्या आंधळ्या माणसाचा हात धरला आणि त्या माणसाने उलट त्याचाच हात धरून ठेवला, झालं ते एवढंच. कचेरीत त्या सकाळी पंधरा-वीस माणसं होती. कोणाच्या लक्षातही आलं नाही. चैत्राच्या उन्हाने शाईची गादी सारखी वाळत होती म्हणून तिच्यावर दोन थेंब पाणी टाकलेलं होतं, आणि रोजच्यासारखा भगवंताचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. पण अंगठा गादीवर दाबायचा, कागद हलू द्यायचा नाही आणि ठसा नेमका चौकटीत उमटवायचा, हे एकट्या डाव्या हाताने होईना. समोर पाहणारा माणूस असता तर त्याने पट्टेवाल्याला हाक मारली असती. हा तर आंधळाच आहे, असं मनात आलं आणि उजवा हात निर्धास्तपणे बाहेर येऊन कागदावर टेकला, आणि तिथेच सापडला. आंधळ्याची बोटं कागद चाचपत आली, त्या हातावर चढली, अंगठ्यावरून पुढे सरकली आणि जिथे दोन बोटं असायला हवी होती त्या जागेत उतरली. तिथे ती थांबली. मग अनामिकेवरून करंगळीपर्यंत जाऊन परत त्याच जागी आली.

"जिनात गेली?" त्याने विचारलं.

"हो," भगवंत म्हणाला, आणि आपण उत्तर दिलं याचंच त्याला नवल वाटलं.

"दोनी एकाच टायमाले?"

"एकाच."

"मंग बरं झालं. माहे डोये एक पयले गेला, एक मांगून. मधल्या पंधरा दिवसांत लय आशा लागली होती, बावा."

रांगेतलं कोणीतरी हसलं. भगवंताने हात सोडवून घेतला, खिशात घातला, आणि दिवसभर तो हात खिशात आपला आपण जागा असल्यासारखा वाटत राहिला. एकोणीस वर्षांत त्या हाताला कोणी असा हात लावला नव्हता. अकोल्याच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुळांशी कापूस अडकला म्हणून तो सारायला गेला, तेव्हा भगवंत सोळा वर्षांचा होता. नंतर दवाखान्यातल्या डॉक्टराने हात लावला तो चिमट्याने. मुली सांगून येत तेव्हा मुलीचा बाप आधी चेहरा पाही, मग शिक्षण विचारी, मग नजर खाली जाई आणि तिथून उठून ती थेट खिडकीबाहेर जाई. पुढे मुली सांगून येणं बंद झालं. माणसं वाईट नव्हती. ती फक्त दुसरीकडे पाहत. दुसरीकडे पाहण्याची त्यांची ही कला भगवंताला इतकी पाठ झाली होती की समोरचा कोणत्या क्षणी कॅलेंडरकडे वळेल हे तो आधी सांगू शकला असता. आणि या माणसाने, ज्याला कुठेच पाहता येत नव्हतं, त्याने बोटं त्या खाचेत ठेवली आणि तिथेच राहू दिली, जसा एखादा वाटसरू ओट्यावर टेकतो.

माणसाचं नाव सहदेव. नांदगाव खंडेश्वराच्या शिवारातला माळी, वाडीत वांगी-मिरची करणारं घर. ब्रह्मदेशात रस्ते बांधणाऱ्या पलटणीत होता, तिथे सुरुंग अवेळी उडाला. दोन वर्षं या इस्पितळातून त्या इस्पितळात काढून तो घरी आला तेव्हा थोरला भाऊ वारलेला होता आणि वाडी भावजय सांभाळत होती. भावजय, गंगूबाई, कचेरीच्या दाराशी पदर सावरून उभी होती. "साहेब, बसून खातो म्हनून नाही आनलं मी त्यायले," ती भगवंताला म्हणाली. "दिवसभर ओट्यावर बसून रायतात. एक शब्द बोलत नाहीत. मानूस आतून कुजून जाईन असं. काई तरी काम द्या." ते काम लावून देण्यासाठीच कचेरी होती. लढाई संपून वर्ष व्हायला आलं होतं, अपंग होऊन परतलेल्या माणसांना काम शोधून द्यावं असा सरकारचा हुकूम होता, आणि अमरावतीच्या त्या भाड्याच्या बंगल्यात साहेब सह्या करीत व शोधण्याचं काम भगवंत करी. छापील यादी होती. एक हात नसलेल्यास पहारेकरी. पाय नसलेल्यास शिंपीकाम. आंधळ्यास वेताच्या खुर्च्या विणणे. आणि ते शिकायला उत्तरेकडच्या एका संस्थेत दोन वर्षं. पुढची तुकडी महिनाअखेर निघणार होती. ज्या आंधळ्याला तोवर इथे काम मिळणार नाही तो त्या तुकडीतून जायचा, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"किती लांब हाये ते?" गंगूबाईने विचारलं.

"आगगाडीने दोन दिवस, दोन रात्री."

सहदेवने फक्त काठी या हातातून त्या हातात घेतली. पण ती काठी घेण्याची तऱ्हा भगवंताच्या डोळ्यांपुढून जाईना. असे हात त्याने लहानपणी बाजारात पाहिले होते. माल हातचा जाताना बागवाले तोंडाने काही बोलत नसत, काठी किंवा दुपट्टा तेवढा या हातातून त्या हातात जाई.

यादीबाहेरची कामं शोधण्यात भगवंताचा हातखंडा होता, आणि त्याच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं तेवढंच होतं. तोफेच्या आवाजाने ठार बहिरा झालेल्या पुंजारामला त्याने जिनात लावला होता. जिथे आवाजाने धडधाकट माणसाचं डोकं उठतं तिथे बहिऱ्याला काय त्रास, हे कोणाला सुचलं नव्हतं. साहेबांनी ते नागपूरला कळवलं होतं. माणसाचं जे गेलं आहे त्याच्या मापाचं काम जगात कुठेतरी असतंच, फक्त गाठ घालून देणारा पाहिजे, असं भगवंताला मनापासून वाटे. रात्री पुस्तक मिटून दिवा बारीक केला की तो एकेक माणूस आणि एकेक काम मनात समोरासमोर बसवी, जसे वधूवर बसवावेत. त्या आठवड्यात मात्र खुर्च्या आणि सहदेव काही समोरासमोर बसेनात. सहदेवचा हात मध्ये येई. इतका वाचणारा, इतका न घाबरणारा हात त्याने आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो त्याच्या बापाचा.

बाप, शालिकराम, अकोल्याच्या फळबाजारात खुशालरावांच्या अडतीवर सौद्याचा हात होता. त्या कामाला दुसरं नाव नव्हतं. संत्र्यांचा ढीग पडला की घेणारे भोवती जमत, शालिकराम खांद्यावरचा दुपट्टा उजव्या हातावर टाकून उभा राही, आणि एकेक व्यापारी दुपट्ट्याखाली हात घालून त्याची बोटं धरी. तीन बोटं धरली तर शेकड्याला तीन रुपये. पंजा धरला तर पाच. पंजा धरून सोडला आणि पुन्हा दोन धरली तर सात. तोंडाने कोणी भाव बोलायचा नाही. एकाचा भाव दुसऱ्याला कळायचा नाही. सगळ्यांचे हात झाले की शालिकराम ज्याने जास्त म्हटलं त्याच्या अंगावर दुपट्टा टाकी आणि माल त्याचा होई. घरी हा माणूस मुका असल्यासारखा. चहा हवा असला तर कप सरकवी. पण पोराशी बोलायची त्याची एक वेळ होती. रविवारी बाजार उठल्यावर दोघं रिकाम्या पाट्यांवर बसत, बाप दुपट्टा टाकी, आणि त्याच्या खाली दोघांचे हात बोलत. आधी नुसते आकडे. मग आकड्यांचे अर्थ ठरत गेले. दोन म्हणजे भूक लागली. चार म्हणजे आईला सांगू नको. पंजा आणि तीन म्हणजे काय ते कधी ठरलं नव्हतं, बाप ते अधूनमधून उगाचच दाबी आणि बाजूला पाही. जिनातल्या त्या दिवसानंतर बापाने दुपट्टा पुन्हा कधी टाकला नाही. भगवंताने कितीदा मनात घोळवलं, की तो तरी काय करणार? चार म्हणायचं असेल तर त्याने धरायचं काय? पण बोटं गेल्यावर सात वर्षं बाप जगला आणि त्या सात वर्षांत एका रविवारी तरी नुसता दुपट्टा टाकायला काय हरकत होती, हे कोडं काही सुटलं नव्हतं. पोराचा हात सौद्याचा राहिला नाही म्हणून पोर बापाच्या मनातून उतरलं, असंच त्याने धरून ठेवलं होतं. सौद्याचा हात अखंड पाहिजे आणि उजवाच पाहिजे, ही बाजाराची रीत. डाव्या हाताने धरलेला भाव बाजार मानत नाही.

आणि मग, आंघोळीचं पाणी अंगावर घेता घेता, त्याला एकदम सुचलं. दुपट्ट्याखालचा हात कोणाला दिसतो? डोळे तिथे कोणाच्या कामाचे? उलट आंधळ्यावर बाजार जास्त विश्वास टाकील. त्याला ना कोणाची खूण दिसणार, ना कोणाचं तोंड. खुशालराव अजून होते, अडत होती, आणि त्यांचा हाताचा माणूस म्हातारपणाने थकला होता असं कानावर होतं. भगवंताने त्याच दिवशी अकोल्याला पत्र टाकलं. पाणी पाठीवरून ओघळतच होतं असं त्याला दुपारपर्यंत वाटत राहिलं.

गंगूबाई गावी गेली, सहदेव कचेरीजवळच्या धर्मशाळेत राहिला, आणि रोज दुपारी साहेब जेवायला गेले की मागच्या व्हरांड्यात शिकवणी सुरू झाली. भगवंताने घरून बापाचाच दुपट्टा आणला होता. पहिल्या दिवशी त्याने डावा हात घातला. "हा नाही," सहदेव म्हणाला, "तुमीच म्हनता, बाजारात डावा चालत नाही. तो दुसरा आना." दुसरा आणला. तीन बोटांच्या हाताने दुसऱ्याची पाच बोटं धरता येतात, फक्त थोडी ओढाताण होते. ती ओढाताण सहदेवने दोन दिवसांत ओळखीची करून घेतली. चौथ्या दिवशी भगवंताला स्वतःचं हसू ऐकू आलं. सहदेवने पंजा आणि चार ओळखून वर म्हटलं होतं, "नऊ? बाबूजी, येवढ्यात तं झाडच इकत भेटते!" त्या आठवड्यात भगवंत कचेरीत लवकर येऊ लागला. कोट खुंटीवर राहू लागला. बोलताना त्याच्या तोंडात लहानपणची बोली परत आली, आणि पट्टेवाला एकदा म्हणाला, "बाबू, तुमी तं आमच्यावानीच बोलता की!" दुपट्ट्याखाली अंधार असतो आणि किंचित ऊब असते. घामाचा, जुन्या कापडाचा, कुठेतरी संत्र्याच्या सालीचा वास त्या ऊबेत शिल्लक होता, का नव्हता, कोण जाणे. डोळे मिटून घेतले की समोर कोण आहे याचं भान सुटे. एकदा तर त्याने नकळत पंजा आणि तीन दाबलं. "आठ," सहदेव म्हणाला. "हो, आठ," भगवंत म्हणाला आणि बराच वेळ त्याने हात सोडला नाही. सहदेवनेही सोडवून घेतला नाही.

अकोल्याला ते बडनेऱ्यावरून पॅसेंजरने गेले. डब्यात भगवंताला बसवेना. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याने सहदेवला बाजाराचा नकाशा तीनदा सांगितला. कडुनिंब कुठे, तराजू कुठे, खुशालरावांची गादी कोणत्या अंगाला. सहदेव हूं हूं करीत खिडकीकडे तोंड करून बसला होता. उन्हाची झळ लागते म्हणून भगवंताने खिडकी लावायला हात नेला तर तो म्हणाला, "राहू द्या. मोकया वारा लागून राह्यला."

खुशालराव आता ऐंशीला टेकले होते, पण आवाज तोच. "ये रे शालिकरामच्या पोरा! मोठा साहेब झाला म्हनतात? कोट घालतो उन्हायाचा?" मग सहदेवकडे वळून, "आन् हा तुहा मानूस? उभा तं बरा रायते. चाल, पाहू दे." परीक्षा लगेच झाली. ढीग मोर्शीकडच्या संत्र्यांचा होता. चार व्यापाऱ्यांनी एकेक करून दुपट्ट्याखाली हात घातला. एकाने मुद्दाम फसवायला दोन बोटं धरून एक सोडलं आणि पुन्हा धरलं. सहदेव शांत उभा होता, मान जराशी खाली, जणू ढिगातून कोणी काही बोलतं आहे. मग त्याने खुशालरावांच्या कानात चौघांचे भाव सांगितले, आणि म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "वारे गब्रू! आन् भगवंता, तू बी घाल हात. पावना म्हनून आला, घेनारा होऊन जा." भगवंताने कोट काढला. चार लोकांदेखत, उन्हात, एकोणीस वर्षांनी, त्याने तो हात उघडा पुढे केला आणि दुपट्ट्याखाली सारला. कोणी कॅलेंडरकडे पाहिलं नाही, कारण बाजारात सौदा चालू असताना लोक हाताकडे पाहतच नाहीत, तोंडाकडे पाहतात. सात म्हटलं. सहदेवने सात सांगितलं. एवढंच, आणि भगवंत ढिगाकडे वाकून एक संत्रं उचलून पाहू लागला.

"बरोबर बापाचा हात," खुशालराव म्हणाले. मग आवाज खाली आणून, "शालिकरामनं माह्या पायावर डोकं ठेवलं होतं रे तुह्यासाठी. तुह्या हाताचं झालं तवा. म्हने, मालक, पोराले डाव्या हातानं उभं राहू द्या, मी मांगं उभा रायतो. मी म्हनलं, बाजार नाही आयकत बावा. तीनदा आला तो. मी तिनीबी डाव नाही म्हनलं."

"मले कधी सांगितलं नाही त्यांनी."

"सांगन कसं? तो बोले कुठं! माह्यानं चुकलंच असन. पन रीत होती. सोमवारपासून पाठव तुह्या मानसाले. ऱ्हायची सोय माह्याच घरी."

परतीच्या गाडीला दीड तास होता. अकोल्याच्या फलाटावर पिंपळाच्या पाराशी दोघं बसले. भगवंताच्या मनात एकच गोष्ट आत-बाहेर करीत होती: तीनदा. बाप तीनदा गेला होता. तीनदा परत येताना त्याच्या मनात काय असेल, आणि घरी येऊन तो कप सरकवीत असेल तेव्हा पोराच्या हाताकडे का पाहत नसेल, हे आता नव्याने उलगडून पाहायला हवं होतं, आणि सात वर्षांतला एकेक दिवस पुन्हा काढून बसायला पाहिजे होता. एखाद्या रविवारी दुपट्टा आपणच टाकला असता तर? हे त्याला आजवर सुचलंच नव्हतं. दुपट्टा खुंटीवर असे. खुंटी उंच नव्हती. या विचारात तो इतका गुंतला होता की सहदेव कधी बोलू लागला हे त्याला कळलं नाही.

"...तं मी नाही म्हनतो, बाबूजी."

"काय?"

"हे काम मले नाही पायजे."

भगवंताला वाटलं तो थट्टा करतो आहे. "काहून? चांगलं तं केलं तू! खुशालराव कोनाले गब्रू म्हनत नाहीत."

"जमते तं जमते. पन दिवसभर एका जागी उभं राहून लोकायचे हात धरू मी? त्या तिसऱ्या मानसाचा हात थरथरून राह्यला होता. घरी कोनीतरी बिमार असन, नाही तं पैशाची तंगी असन. मले ते समजते आन् मी त्याच्यापेक्षा जास्तवाल्याचं नाव सांगू. रोज. दोन साल मी खाटीवर होतो, तवा जो येई तो माहा हात धरे. डॉक्टर धरे, नर्स धरे, पादरी धरे. मले आता हात नाही पायजेत, बाबूजी. मले चालाव वाटते."

"मग आठ दिवस शिकलास कशाला?"

"तुमाले बरं वाटून राह्यलं होतं," सहदेव म्हणाला. "पयल्या दिवशी तुमचा हात मेल्यासारखा थंड होता. मंग गरम झाला. मी म्हनलं, राहू द्या, आठ दिवसायनं आपलं काय जाते? हे काम तुमाले पायजे होतं. नाही का?"

मालगाडी आली आणि गेली. तिचे डबे मोजावेत असं भगवंताला वाटलं, पण मध्येच मोजणी चुकली. त्याला पुंजारामची आठवण झाली. जिनात लावून दिल्याचं पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा पुंजारामने मान हलवली होती, आणि ती हलवण्याआधी एक क्षण तो कचेरीच्या छपराकडे पाहत राहिला होता. तो क्षण भगवंताने आनंद म्हणून नोंदवला होता. फॉर्मात सोळा रकाने होते. काय गेलं, केव्हा गेलं, कशाने गेलं, काय करता येत नाही, पूर्वी काय करीत होता. यातल्या कशाचंही उत्तर तो झोपेत लिहू शकला असता. समोरच्याला विचारावं असं सतरावं काही असेल हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्याला स्वतःला तरी कोणी विचारलं होतं?

"तुले काय करू वाटते?" त्याने विचारलं, आणि विचारताना त्याला शाळकरी पोरासारखी लाज वाटली.

"मोट हाकाव वाटते," सहदेव लगेच म्हणाला, जणू उत्तर जिभेवरच ठेवलेलं होतं. "आमच्या वाडीतली. मोटीले डोये कायले पायजेत? बैल खाली जाते, बैल मांगं येते. धाव, बैलायचा उतार, एकोनतीस पावलं हाये. वयनी वांग्यात गेली का मी रोज मोजतो. पानी कुंडीत पडलं का आवाजानं समजते, उतार पायाले समजते. पन वयनी हात लावू देत नाही. मजूर लावला तिनं."

"मग तिला सांगत का नाहीस?"

"सांगून सांगून थकलो, मंगच तं मुका झालो."

साहेब दुसऱ्या दिवशी चिडले. हातात आलेली नोकरी सोडून घरच्या शेतात काम, ही काय नोकरी झाली? मालक कोण? भगवंत कोट न घालता समोर उभा होता. त्याने सांगितलं, जमीन भावाची होती, आता भावजयीच्या नावावर आहे, म्हणजे मालकीण ती. तिने अंगठा दिला तर फॉर्म पुरा होतो. "आणि नाही दिला तर शनिवारी तो तुकडीबरोबर जाईल," साहेब म्हणाले. शनिवार परवावर होता.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने दोघांना नांदगाव खंडेश्वराला पोचायला अर्धा दिवस लागला. वाडी गावाबाहेर, काळ्या रानात हिरव्या तुकड्यासारखी. गंगूबाईने आधी पाणी दिलं, मग सगळं ऐकलं, मग जी सुरू झाली ती थांबेना. "म्हनजे मी येवढी पायपीट करून तुमच्याकडं आनलं, ते तुमी फिरवून माह्याच दारात आनून घालता? मांगं सरता सरता बैल इहिरीत गेले तं? आन् लोक काय म्हनतीन, साहेब? भावजयनं आंधया दीर मोटीले जुपला! नवरा गेला, आता दिराची बारी, असं म्हनतीन. तोंड दाखवाले जागा रायनार नाही मले."

"शनिवारी ते दोन दिवस दोन रात्रीच्या वाटेला लागतील," भगवंत म्हणाला. त्याला भांडता येत नसे. "तिथे बसून खुर्च्या विणतील. माझ्या हातून त्यांचं दुसरं काही होणार नाही, बाई. मी केलं ते माझ्या मनाचं केलं. तुम्हीही तुमच्या मनाचंच करता आहात."

गंगूबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने सहदेवकडे पाहिलं. तो विहिरीच्या बाजूने तोंड करून उभा होता, काठीशिवाय.

"मी पाहीन पयले," ती म्हणाली. "मंग देईन अंगठा. आन् भाऊजी, एका बी डावाले चुकले, तं शनवारी मी सोता टेशनावर सोडून येईन. माह्या गयाची आन."

मजुराला बाजूला केलं. सहदेवने बैलांच्या वशिंडावरून हात फिरवला, मोटेच्या दोराचा, नाड्याचा ताण चाचपला आणि हाक घातली. बैल उतरणीला लागले, तो नाड्यावर बसून त्यांच्याबरोबर खाली गेला, आणि वर मोट येऊन कुंडीत भडाभडा पाणी पडलं. आता मागे यायचं होतं. गंगूबाईने पदर तोंडात धरला होता. बैल पाऊल पाऊल मागे सरू लागले, सहदेव त्यांच्या अंगाला अंग लावून मागे येत होता, ओठ हलत होते. विहिरीचा काठ चार हातांवर राहिला. तीन. भगवंत ओरडणार होता. सहदेव थांबला, बैल थांबले, मोट विहिरीत पाण्यावर आदळली. पुन्हा हाक. दुसरी खेप, तिसरी. सहाव्या खेपेला त्याच्या हाकेला चाल आली, आणि दहाव्या खेपेच्या सुमाराला ती चाल गाण्याच्या जवळ जाऊन पोचली. घरी आल्यापासून ओट्यावर मुका बसलेला माणूस उतरणीवरून मोठ्याने गात खाली चालला होता. गंगूबाईने डोळे पुसले, शेंबूड पुसला, "मेलं, आवाज तं पाहा," असं पुटपुटली आणि फॉर्मावर अंगठा दिला. मग पाणी वाया चाललं म्हणून फावडं घेऊन वाफ्याकडे पळाली.

भगवंत पाटाच्या कडेला उभा राहिला. पाणी त्याच्या चपलांशी येऊन वळलं आणि मिरच्यांत गेलं. फॉर्म पुरा झाला होता, घडी खिशात होती, अमरावतीची मोटार चार वाजता सुटायची होती. जाताना सहदेवला सांगायला हवं होतं. काय सांगायचं ते त्याने मनाशी जुळवलं होतं, फार नव्हतं, दोनच वाक्यं होती. पण मोट वर येताना हाक मारावी तर सहदेव गाण्यात असे, आणि बैल मागे सरताना मारावी तर पावलं चुकतील. मध्ये, मोट पाण्यावर आदळली की बैल थबकत, तेवढा एक क्षण रिकामा असे. तो फार लहान होता. भगवंताने तो दोनदा हेरून ठेवला आणि दोन्ही वेळा तोंड उघडेपर्यंत तो निघून गेला. सहदेव त्याच्यापासून पाच-सहा हातांवरून उतरे आणि परत येई. कोणी उभं आहे हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, त्याचा चेहरा काही सांगत नव्हता. दूर रस्त्यावर चारच्या मोटारीचा भोंगा वाजला, बराच वेळ वाजत राहिला आणि थांबला. मोट वर आली, रिकामी झाली, खाली गेली. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत भगवंत उभा राहिला.